पिंगळ्याच्या डोळ्यात

पारोळ्यात असं घर शोधून सापडणार नाही, जिथं बन्सीलालने काढलेला एक तरी फोटो भिंतीवर नाही. बाजारपेठेतल्या ‘प्रमिला फोटो स्टुडिओ’चा हा मालक. लग्न, बारसं, शाळेचा ग्रुप फोटो आणि शेवटी हार घालायचा फोटो, सगळं त्याच्याकडे. ज्या म्हाताऱ्याने जन्मात कधी कॅमेऱ्याकडे तोंड केलं नाही, त्यालासुद्धा नातवाच्या लग्नातल्या गर्दीतून कापून, मोठा करून, अंगात कोट चढवून बन्सीलाल चौकटीत बसवून द्यायचा. गावातले निम्मे मेलेले लोक त्याच्या कृपेने साहेब झाले होते. आणि अशा माणसाचा स्वतःचा एक धड फोटो नसावा, याला काय म्हणायचं?

नव्हता असं नाही. होते, पण एकाही फोटोत त्याचे डोळे उघडे नव्हते. समोरच्याने बटण दाबलं की इकडे याच्या पापण्या खाली आल्याच. सगळा जन्म कॅमेऱ्यामागे गेलेला, त्यामुळे तो नेमका क्षण त्याला आधीच कळायचा की काय, देव जाणे. लग्नाच्या फोटोत प्रमिलाबाई कॅमेऱ्याकडे टकामका बघतेय आणि शेजारी नवरदेव झोपलाय. आधार कार्डाच्या वेळी तिथली मुलगी वैतागली, रांगेतले लोक ओरडायला लागले, शेवटी तिने अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचाच फोटो ठेवून दिला. त्या फोटोतला माणूस पोलिसांनी रात्री उठवून आणल्यासारखा दिसायचा. बन्सीलाल हसून सांगायचा, “मना डोया कॅमेराले लाजतस.”

त्याला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं आणि भिंतीवर खिळा तेवढा होता, फोटो नव्हता.

“डोया उघडा पाहिजेत,” प्रमिलाबाईने मुलाला बजावलं. “गावना बठ्ठा लोकस्ना भितवर उघडा ऱ्हातस. यासनाच मिटेल कसाले?”

मुलगा म्हणजे ललित. स्टुडिओ आता तोच चालवतो. हे काम त्याच्या हातचा मळ होतं. लग्नाच्या अल्बममध्ये निम्मा वेळ तो पाहुण्यांचे मिटलेले डोळे कॉम्प्युटरवर उघडण्यातच घालवतो. एखाद्या मामाचे डोळे दुसऱ्या फोटोतून उचलायचे आणि बसवायचे, मामाला पत्ता लागत नाही. पण वडिलांचे उघडे डोळे आणायचे कुठून? मग त्याने स्वतःचेच वापरले. सगळे म्हणायचेच, पोऱ्या बापाचे डोळे घेऊन आलाय. डोळ्यांखाली सुरकुत्या काढल्या, भुवया पांढऱ्या केल्या, धुळ्याच्या लॅबमधून मोठी प्रिंट काढून आणली, सोनेरी फ्रेम केली. मनातून तो स्वतःवर खूश होता.

प्रमिलाबाईने कागद सोडवला, बघितलं आणि फ्रेम खाटेवर पालथी घातली.

“ह्या तुना डोया शेतस.”

“माय, मना आनि नानासना सारखाच शेतस ना.”

“तू खोटं बोलस तवय मनाकडे असाच देखस.”

मग बाई बोलायला लागली, आणि जे बोलली ते काही फोटोबद्दल नव्हतं. वर्षभर तिच्या घशाशी अडकलेलं एकच दुखणं होतं. बन्सीलालचा जीव रानात, एकटा असताना गेला होता. तोंडात पाण्याचा थेंब घालायला कोणी नव्हतं. तान्हेल्या माणसाला आपण गेलोय हे समजत नाही, तो जिथं बसला तिथंच बसून राहतो, असं तिच्या मनाने घेतलं होतं, आणि तिच्या मनाने घेतलेलं काढणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. त्यात आणखी एक. शेतवाल्या अभिमनला तो सापडला तेव्हा त्याचे डोळे सताड उघडे होते. अभिमनने माणुसकीने हात फिरवून ते मिटले आणि मग घरी निरोप धाडला.

“जलमभर मिटात आनि आखरीले उघडा व्हतात,” ती म्हणाली. “तेबी माले दखायनात नही.”

मग ती उठली, कपाटातून एक गाठोडं काढलं आणि ललितच्या मांडीवर ठेवलं. नानाचा, म्हणजे बन्सीलालचा, पांढरा रुमाल, आत त्याचा कॅमेरा. अभिमनने त्या दिवशी आणून दिला होता तसाच. वर्षभरात तो कोणी उघडला नव्हता. ललितची छाती झाली नव्हती.

“याम्हा देख.”

“माय, याम्हा पाखरं शेतस.”

“देख तं खरा.”

पाखरांचं वेड बन्सीलालला उतारवयात लागलं. दुकान पोराच्या हातात दिलं आणि अमळनेरच्या रस्त्याला अभिमनच्या शेतात, पडक्या विहिरीपाशी, तांबडं फुटायच्या आत जाऊन बसायला लागला. जळगावची फोटोवाली पोरं हिरवे तंबू ठोकून, तोफेएवढ्या लेन्स लावून लांबून फोटो काढतात. बन्सीलालला ते मंजूर नव्हतं. लपून काढलेला फोटो ही चोरी, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकाने आपल्याला बघितलं पाहिजे, मग ते माणूस असो की पाखरू. त्याची पद्धत निराळी होती. विहिरीच्या काठाला वाळलेल्या निंबाचं एक खोड होतं. त्याच्या पुढ्यात, अगदी हाताच्या अंतरावर, बुटक्या तिकाटण्यावर कॅमेरा लावायचा, त्याचा आवाज बंद ठेवायचा, आणि आपण मागे बाभळीखाली गोणपाटावर रिमोट घेऊन उघड बसायचं. रोज. पाखरू कंटाळून आपल्याला झाड समजायला लागेपर्यंत.

त्या खोडावर यायचा तो पिंगळा. मुठीएवढं घुबड, माणसासारखे दोन्ही डोळे समोर. लोक त्याच्या ओरडण्यावरून शकुन-अपशकुन काढतात. बन्सीलाल त्याचे फोटो काढायचा. पुढे पुढे तो दुसऱ्या पाखरांकडे बघेनासाच झाला. “बठ्ठा पाखरं आंगे-मांगे देखतस, हाऊ एकलाच समोर देखस,” असं कौतुकाने सांगायचा. घरातल्यांनी त्याचा नाद सोडून दिला होता.

दुपारी गिऱ्हाईक नसताना ललितने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कार्ड कॉम्प्युटरला लावलं. नुसतं खोड. अंधुक उजेडातलं खोड. मग खोडावर पिंगळा. मग पिंगळाच पिंगळा. फोटो काढणाऱ्यांना एक खोड असते, आधी डोळा मोठा करून बघायचा. डोळा धारदार तर फोटो कामाचा, नाही तर कचरा. ललितने सवयीने डोळा मोठा केला.

पिवळ्या कड्यात काळी बाहुली, आणि बाहुलीत सगळं रान. वर पहाटेचं उजळलेलं आभाळ, त्यावर बाभळीची काळी फांदी, आणि बाभळीखाली मांडी घालून बसलेला एक माणूस. उजेड मागे असल्यामुळे माणूसही काळाच. पण त्याचा डावा खांदा खाली झुकलेला होता. जन्मभर कॅमेऱ्याची बॅग अडकवून अडकवून असा खांदा पारोळ्यात एकाच माणसाचा झाला होता.

ललित कॉम्प्युटरसमोर बसून ढसाढसा रडला. वर्षभरात पहिल्यांदा रडला. ज्याला शोधत सगळे अल्बम पालथे घातले, तो इथं एका पाखराच्या डोळ्यात गुपचूप बसला होता.

डोळे पुसून तो पुढे बघत गेला. हे सगळे त्या शेवटच्या सकाळचे होते. आभाळ फोटोगणिक पांढरं होत चाललं होतं आणि काळा माणूस जागचा हलत नव्हता. मग एका फोटोत तो किंचित बाभळीकडे कलला. पुढच्यात आणखी. मग डोकं बुंध्याला टेकलं, आणि तिथून पुढे सगळे फोटो एकसारखे. ललितला कळलं. अभिमनने सांगितलं होतं, मूठ इतकी घट्ट होती की रिमोट काढायला बोटं एकेक करून उचलावी लागली. म्हणजे बटण दाबलेलंच राहिलं होतं. नाना गेल्यावरही कॅमेरा मुकाट फोटो काढत होता, आणि खोडावरचा पिंगळा मुकाट त्याच्याकडे बघत होता.

इथंच बंद करायला हवं होतं. ललितने केलं नाही. कार्ड भरेपर्यंत काय काय आलंय, ते बघत राहिला.

शेवटच्या काही फोटोंत दोन माणसं होती.

एक बुंध्याला टेकलेला. आणि त्याच्या शेजारी, पहिल्यासारखा ताठ, मांडी घालून बसलेला दुसरा. दोघांचेही डावे खांदे झुकलेले.

ललित शहाणा मुलगा. भुताखेतांच्या गप्पांवर हसणारा. त्याने स्वतःला समजावलं, पिंगळा हलला असेल, सावली दोनदा उमटली असेल. पण पिंगळ्याच्या भुवईचं पीसन् पीस धारदार होतं. मग बॅग असेल, गोणपाट असेल, बाभळीचं खोड असेल. पण आधीच्या फोटोंत बाभूळ होती, बॅग होती, आणि तिथं हे नव्हतं. त्याने कॉम्प्युटर बंद केला, शटर वर केलं आणि उन्हात जाऊन उभा राहिला.

घरी आईने विचारलं, “काय निंघनं?”

“पाखरंच शेतस, माय.”

तिने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं आणि भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ललित शेतावर गेला. जाऊन एकदा खात्री करायची, एवढंच. तोच कॅमेरा, तेच तिकाटणं, तोच रिमोट, कार्ड तेवढं नवं. दादर ज्वारी पोटऱ्यात आली होती, तिच्यावरून गार वारं येत होतं. शेताच्या कडेला अभिमन मफलर गुंडाळून उभा होता, बहुतेक मोटारसायकलचा आवाज ऐकून आला असावा. कुठं निघालास, असं त्याने विचारलंच नाही.

“तठे बसू नको, ललित.”

“काबर, भाऊ?”

“मना बकऱ्या तथा जातीस नही. कुत्रं जास नही.” अभिमनने विहिरीकडे न बघता हात केला. “आनि तो पिंगया रोज सकाय तठेच बसस. तुना नाना व्हतात तवय जसा देखे, तसाच बाभूयकडे देखस. कोन्ही बशेल शे असा.”

ललितने हसायचा प्रयत्न केला. अभिमन हसला नाही. तो तसाच वळला आणि घराकडे चालू लागला.

बाभळीखालचं गोणपाट वर्षभराच्या ऊन-पावसाने कुजून मातीला चिकटलं होतं. त्यावर बसायचं ललितच्या जिवावर आलं. तो शेजारी, हातभर सरकून बसला. खोडासमोर कॅमेरा लावलेला, मुठीत रिमोट. पूर्वेकडे, त्याच्या पाठीमागे, आभाळ हळूहळू उजळत होतं. लांब कुठंतरी तित्तर ओरडला आणि गप्प झाला.

पिंगळा कधी आला ते कळलंच नाही. खोड रिकामं होतं, मग नव्हतं. मान खाली-वर करून त्याने रोखून बघितलं. ललितला वाटलं आपल्याकडे बघतोय. मग लक्षात आलं, नाही. त्याची नजर ललितच्या जरा बाजूला होती, कुजक्या गोणपाटाच्या बरोबर वर, बसलेल्या माणसाचं तोंड जिथं यावं तिथं.

ललितने बटण दाबलं. पिंगळा उडू नये म्हणून रांगत कॅमेऱ्यापाशी गेला. पाखरू हललं नाही. मागच्या पडद्यावर त्याने डोळा मोठा केला.

दोन माणसं. एक तो स्वतः, अंग चोरून बसलेला. दुसरा शेजारी, मांडी घालून, डावा खांदा झुकलेला.

ललितने मागे वळून बघितलं. गवत होतं, गोणपाट होतं. गवताच्या पात्या-पात्यावर दव होतं, आणि गोणपाटाभोवतीची माणूस बसेल एवढी जागा तेवढी कोरडी ठणठणीत होती.

तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा दोन, आता ललित या अंगाला. भीती वाटत होती हे तर खरंच, पण खोटं कशाला सांगा, भीतीच्या तळाशी लहान पोरासारखा आनंदही होता. तो हळूच म्हणाला, “नाना.” कोणी ओ दिली नाही. पिंगळ्याने फक्त मान तिरकी केली. मग मात्र ललितने कॅमेरा उचलला आणि धावतच मोटारसायकल गाठली. चहाचा थर्मास तिथंच राहिला.

घरी आल्यावर लपवण्यात अर्थ नव्हता. त्याचा चेहराच सगळं सांगत होता. त्याने आईला आधी नानाचे फोटो दाखवले, मग स्वतःचे. प्रमिलाबाईने चष्मा लावला, पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. ती घाबरली नाही. ललितला वाटलं होतं रडेल, किंचाळेल, भगताला बोलव म्हणेल. तिने बोटाने तो झुकलेला खांदा पुसल्यासारखा केला.

“डोया उघडा शेतस का?”

“उजेड मांगेतून शे, माय. तोंड कायंच दखास.”

“उघडाच व्हतीन.” ती खाली बसली. “वरीसभर तठेच बशेल शेतस. थंडीम्हा, ऊनम्हा. आनि मी आठे घरम्हा हंडा भरी भरी ठेवस. कोनासाठे?”

मग ती रडली. पोटातून, आवाज करून, शेजारच्या बायका दारात येईपर्यंत रडली. संध्याकाळी तिने पितळी तांब्या चिंचेने घासून लख्ख केला आणि तुळशीचं एक पान तोडून वाटीत ठेवलं.

पहाटे ललितने तिला मोटारसायकलवर मागे बसवून नेलं. तांब्या तिने पदराखाली दोन्ही हातांनी धरला होता. रस्ता खराब, पण थेंब सांडू दिला नाही. विहिरीपाशी आल्यावर ती जराही न अडखळता बाभळीखाली गेली, रोजची बसायची जागा असावी तशी बसली. ललित कॅमेरा लावून आला आणि तिच्याजवळ बसला. बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं, दोघांच्या मध्ये गोणपाटाएवढी जागा सुटली आहे. दोघांपैकी कोणीच ती ठरवून सोडली नव्हती.

पिंगळा आला. खोडावर बसला. रोखून बघायला लागला.

“माले दखाड,” आई पुटपुटली.

ललितने बटण दाबलं, रांगत जाऊन कॅमेरा तिकाटण्यासकट तिच्यापुढे आणला, दाखवला, परत नेऊन लावला. पिंगळा खोडावरून हलला नाही. फोटोतल्या डोळ्यात तिघं होती. एका अंगाला डोक्यावर पदर घेतलेली बाई, एका अंगाला ललित, आणि मधे तो, जसा घरात जेवायला बसायचा तसा.

“आयकतस का?” प्रमिलाबाई मधल्या जागेकडे न बघता, समोर बघत बोलली. नवऱ्याशी ती जन्मभर तशीच बोलत आली होती. “मी उनू. येवाले उशीर व्हयना.”

वाऱ्याने बाभळीच्या शेंगा खुळखुळल्या.

ललित वाट बघत होता. तांब्या तिच्या हातात होता, पण हात कलेना. उजेड वाढत होता. ऊन वर आलं की पिंगळा ढोलीत जाणार, मग काही दिसणार नाही. त्याने आईकडे बघितलं आणि तिच्या मनातलं त्याला लख्ख समजलं. पाणी घातलं की नाना उठतील. वर्षभर ज्या एका थेंबासाठी ती तळमळली, तो थेंब आता हातात होता, आणि तो दिला की हा माणूस कायमचा जाणार होता. न दिला तर रोज पहाटे इथं भेटणार होता. तान्हेला, पण भेटणार होता. ललितच्या स्वतःच्याच मनात आलं, माय, नको घालू. तोंडाशी आलेलं त्याने गिळलं, कारण तो शब्द ऐकायलाच ती थांबली आहे असं त्याला वाटलं. तो बोलला असता तर तिने तांब्या तसाच भरलेला घरी नेला असता.

“जरासं बसूत,” ती म्हणाली. “एक डाव बठ्ठा संगे.”

तिघं बसली. दादरीवर ऊन उतरलं. लांब रस्त्यावरून एसटी गेली. ललितला आठवेना, घरात तरी असं तिघं शेवटचं कधी बसलो होतो. दुकान, लग्नं, घाई, आणि नाना पाखरांत.

पिंगळ्याने खोडावर पाय बदलला, पंख सैल केले. आता उडणार.

“कितली तान्ह लागनी व्हई,” प्रमिलाबाई म्हणाली. तिने तुळशीचं पान पाण्यात टाकलं आणि मधल्या कोरड्या जागेवर तांब्या कलता केला. धार जमिनीवर पडली. कुजकं गोणपाट काळं झालं, आणि ती माती पाणी अशी प्यायली की वर ओल दिसायच्या आत दुसरी धार जिरत होती. पान तेवढं वर राहिलं.

“दाब,” ती म्हणाली.

ललितने बटण दाबलं. तो कॅमेऱ्यापाशी पोचेपर्यंत पिंगळा उडाला होता.

पडद्यावर पिंगळा होता, खोड होतं, उजेड चांगला होता. पण पिंगळ्याचे दोन्ही डोळे मिटलेले होते. नेमके त्या क्षणी. नानाच्या इतक्या फोटोंत ललितने या पाखराचा डोळा मिटलेला एकदाही बघितला नव्हता. डोळ्यात दोन माणसं होती की तीन, हे आता कधीच कळणार नव्हतं.

“पिंगया परत यी, माय. आजून एक काढस,” तो घाईने म्हणाला.

तिने कॅमेरा मागून घेतला. बराच वेळ बघितलं. मग तोंडाला पदर लावला, आणि ललितला वाटलं रडतेय, पण ती हसत होती. रडतही होती.

“हाई त्यासनीच खोड,” ती म्हणाली. “चाल घर.”

घरी आल्यावर तिने ट्रंकेतून लग्नाचा जुना फोटो काढला आणि ललितसमोर ठेवला. टकामका बघणारी नवरी आणि झोपलेला नवरदेव.

“हाऊ लाव.”

“माय, याम्हा डोया मिटेल शेतस.”

“मिटेलच ऱ्हाऊ दे. आते झोपू दे त्यासले.”

हाराच्या फोटोत जिवंत माणूस चालत नाही. म्हणून ललितने दुकानात बसून तो फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि वडील गावाला जसे कापून द्यायचे, तसा वडिलांना आईच्या शेजारून कापायला घेतला. डोळ्यांना हात लावला नाही. कोट चढवला नाही. खांद्यापाशी आला, तेव्हा तो खांदा अजून सरळ होता. खाली उपरण्याच्या टोकाला आईच्या शालूचा पदर बांधलेला होता. तिथं येऊन त्याचा हात थांबला. गाठ कापायची तर उपरणं तुटत होतं, आणि उपरणं ठेवायचं तर पदर येत होता. त्याने गाठ ठेवली आणि गाठीमागचा चार बोटं पदर ठेवला.

फोटो भिंतीवर चढला. वर्षश्राद्धाला आलेल्या पाहुण्यांनी मिटलेले डोळे बघून आपसात कुजबुज केली, फोटोवाल्याच्या घरीच असा फोटो म्हणून नावं ठेवली. प्रमिलाबाईने हार सरळ केला, चौकटीच्या कोपऱ्यातला तो पदराचा तुकडा बोटाने चाचपला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला आत गेली.